वेणेचा नसलेला दगड

बाई, तो दगड आपल्या वेणा नदीचा नाही. काल दुपारी हे पक्कं झालं. नागपूरहून पुरातत्त्वाच्या ज्या प्राध्यापिका दोन आठवड्यांपूर्वी शाळेत येऊन दगड पाहून गेल्या, त्यांचाच फोन होता. दगडावर त्यांना एक आकडा सापडला होता. त्याचा फोटो त्यांनी तुम्ही शिकलात त्या कॉलेजला पाठवला आणि तिथल्या कारकुनानं कपाटातून संग्रहाचं रजिस्टर काढून नोंद शोधली. हातकुऱ्हाड, अश्मयुगीन, नर्मदेच्या काठावरून आणलेली. शेवटच्या रकान्यात वेगळ्या शाईनं एकच शब्द आहे: हरवली. ज्या वर्षी ती हरवली ते तुमचं तिथलं शेवटचं वर्ष. दगड खरा आहे, असं प्राध्यापिका दोनदा म्हणाल्या, बहुतेक माझा आवाज ऐकून. माणसाच्या हातानं घडवलेला आहे, फार जुना आहे, फक्त आपल्या गावचा नाही.

मी आभार मानले, सवयीनं वहीत वेळ टिपली आणि फोन ठेवला. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या या घरात दुपारी कोणी नसतं. खिडकीजवळच्या टेबलावर एक लहान मोकळी जागा आहे, तिथे इतकी वर्षं तो दगड कागदांवर ठेवलेला असायचा. मी त्या जागेकडे बघत बसले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही असतात तर मी गाडी काढून आले असते, तुम्ही चहा टाकला असता आणि मी चहा न पिता विचारलं असतं. आता कोणाला विचारू?

दगड तपासायची कल्पना माझी नव्हती. आपल्या शाळेचा आताचा हेडमास्तर म्हणजे माझ्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा, पाटलांचा नातू. त्यानं तुमच्या नावानं एक खोली तयार केली आहे. भिंतीवर उत्क्रांतीची चित्रं, कोपऱ्यात तराजू, भिंगं, आणि मधोमध काचेची पेटी. पेटीत आपला दगड. वर फलक: ‘वेणाकाठचा पहिला माणूस’. खाली तुमचं नाव. येत्या सोमवारी उद्घाटन आहे. एखाद्या जाणत्या माणसाचं पत्र फलकाखाली लावावं, असं त्याच्याच मनात आलं. मला म्हणाला, “बाईच म्हणत ना, नुसतं ऐकलेलं चालत नाई. मंग तपासून घेऊ.” त्यानं प्राध्यापिकांना बोलावलं आणि मी दगड रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. अशा दगडाचा गोटा या भागातल्या नदीत सहसा मिळत नाही, म्हणाल्या, पण तेवढ्यावरून काही ठरत नाही, माणसं हत्यारं घेऊन फिरायची. मग बुडाशी असलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर त्या थांबल्या. सुईच्या टोकानं त्यांनी कड उचलली. खाली जुना ऑइलपेंट, त्यावर काळ्या शाईत बारीक आकडा. “वरचा थर व्हाइटनरचा आहे,” त्या म्हणाल्या. “ऑफिसात खोडायला वापरतात तो. कोणी लावला?” हेडमास्तर म्हणाला, “बाईनंच लावलं असन. पेपर तपासताना लागते ना.” प्राध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी खिडकीतून मैदानावरची मुलं बघत होते.

तुमची शनिवारची शेवटची तासिका मला अजून बाक अन् बाक आठवते. चहापत्तीचा रिकामा डबा, त्याच्या झाकणाला पाडलेली फट. आठवडाभर आम्ही त्यात चिठ्ठ्या टाकायचो. नाव लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. शनिवारी तुम्ही फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढायचात आणि तीन रकाने करायचात: पाहिलं, वाचलं, ऐकलं. मोराचे अश्रू पिऊन लांडोर अंडी देते, हे कुठल्या रकान्यात? ऐकलं, बाई. मोराला रडताना कोणी पाहिलंय? कोणी नाही. मग आठ दिवस नाल्याकाठी जाऊन मोर काय करतो ते पाहून या. आम्ही पाहून आलो. पुढच्या शनिवारी सगळे खाली बघून हसत होते, आणि तुम्ही खडू हातात घेऊन अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारत होतात, “काय पाहिलं ते सांगा की. लाजण्यासारखं काय आहे त्यात?”

मला तुम्ही एकदाच रागावलात. नागपंचमीनंतरचा शनिवार होता. गारुड्याच्या नागानं वाटीतलं दूध प्यायलं, असं मी वहीत ‘पाहिलं’च्या रकान्यात लिहिलं होतं. तुम्ही मला उभं केलंत. तू पाहिलंस? हो बाई. वाटीतलं दूध कमी झालेलं पाहिलंस? गर्दीत माझ्यापुढे माझी आई होती, तिच्यापुढे मावशी, आणि मावशीनं मागे वळून सांगितलं होतं, पेलं पेलं. “म्हणजे तू मावशीची पाठ पाहिलीस,” तुम्ही म्हणालात. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. “जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं, हे साध्या खोट्यापेक्षा वाईट. खोटं निदान पकडता येतं. यात ऐकणाऱ्याला वाटतं, हिच्या डोळ्यांनी आपणही पाहिलं.” मला ते वाक्य खोडून तिसऱ्या रकान्यात लिहायला लावलंत. मी घरी जाऊन रडले. बाबा जिनिंगमधून आले, अंगावरचा कापूस झटकत त्यांनी कारण विचारलं आणि म्हणाले, “बरोबर तर बोलली बाई. तू काऊन रडून राह्यली?”

त्या एका रागावण्यावर मी माझं सगळं काम उभं केलं, बाई. एकतीस वर्षं वर्तमानपत्रात आहे. बातमी आली की मनात तीन रकाने पडतात. आता रविवारचं सदर लिहिते, वाचकांच्या प्रश्नांचं. गिरडच्या टेकडीवरचे जायफळासारखे, सुपारीसारखे दगड खरंच शापानं दगड झालेला व्यापाऱ्याचा माल आहे का? हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मी दर वर्षी नव्यानं उत्तर लिहिते, तुम्ही दिलंत तसंच. सहल नेली होतीत तुम्ही. टेकडीवर एकानं दगड फोडायला उचलला तर तुम्ही त्याचा हात धरलात. “इथला नाही फोडायचा. लोक हात जोडतात इथे. याचे भाऊबंद आपल्या नाल्यातही असतील.” आणि खरंच, परतल्यावर नाल्यातल्या काळ्या खडकात तसलाच गोळा सापडला, तुम्ही तो फोडलात आणि आत पांढऱ्या सुया चमकल्या. लाव्हारसात हवेचे बुडबुडे राहतात, पुढे त्यांत खनिज भरत जातं, असं सांगितलंत. कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता खरं कसं सांगायचं, ते मी त्या दिवशी नाल्यात गुडघाभर पाण्यात शिकले.

म्हणूनच हे इतकं लागलं.

आता त्या दुसऱ्या शनिवाराकडे येते. डब्यातून चिठ्ठी निघाली होती: माकडापासून माणूस झाला तर आताचे माकडं माणसं काऊन नाई होत? अक्षर शेवटच्या बाकावरचं, सगळ्यांना कळलं. तुम्ही त्यालाच विचारलंत, “तुझ्या काकाचा मुलगा मोठा झाला की तो तू होतो का?” “नाई बाई.” “का नाही? आजोबा तर एकच.” “तो येगळा, मी येगळा.” “तसंच. माकडं आपले बाप नाहीत. आपलं चुलत घराणं आहे.” त्यानं हे घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं आणि सोमवारी त्याचे आजोबा काठी टेकत शाळेत आले. वर्गाच्या दारातूनच म्हणाले, “बाई, तुमच्या चुलत घराण्यात असतीन माकडं. आमच्यात तर पाटीलकी होती.” तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत. “आजोबा, तुमच्या आधी पाटील कोण?” “माहा बाप.” “त्यांच्या आधी?” “त्याचा बाप.” “आणि त्यांच्याही आधी?” “तो बी पाटीलच.” वर्ग खदखदला, म्हातारेही मिशीत हसले. पण उठताना ते जे बोलले त्यानं तुमचा चेहरा उतरला, ते मला आजही दिसतं. “हे हाडं-दगडं सगळे तिकडचे, बाई. दूरदेशच्या लोकाईचे. आपल्या गावात असं काही निंघालं का? नाई ना? आपल्या गावात माणूस पयलेपासून माणूसच होता.”

पुस्तकात आपल्या गावाचं नाव नव्हतं.

पावसाळ्यात वेणेला मोठा पूर आला. ओसरला त्या आठवड्याच्या शनिवारी तुम्ही पिशवीतून तो दगड काढलात. काल घाटाच्या खाली सापडला, म्हणालात. पेरूच्या आकाराचा, एका बाजूला निमुळता, कडा दोन्हीकडून टवके काढून धारदार केलेल्या. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि ‘पाहिलं’च्या रकान्यात लिहिलंत: वेणा नदी, घाटाखाली, दगडी हत्यार. खडू कडकन मोडला होता, तुम्ही उरलेल्या तुकड्यानं वाक्य पूर्ण केलंत. मग दगड पाटलांच्या नातवाकडे दिलात, आजोबांना दाखव म्हणालात. म्हातारे सोमवारी स्वतः परत घेऊन आले. या वेळी दारात थांबले नाहीत, सरळ टेबलाशी आले. दगड त्यांच्या मुठीत होता. “हातात बसते, बाई, हे. आंगठ्याले जागा ठेवली हाय त्यानं.” पुन्हा मूठ आवळून पाहिली. “माह्याएवढाच हात असन त्याचा.” तुम्ही विचारलंत, “पाटील असेल का तो?” म्हाताऱ्यांनी धारेवरून अंगठा फिरवला. “पाटील नाई. कामाचा माणूस दिसते.”

इतकं सुंदर काही त्या शाळेत पुन्हा घडलं नाही. आणि ते घडलं एका खोट्या वाक्यावर. सबंध गाव त्या दिवशी तुमच्या डोळ्यांनी पाहत होतं आणि तुम्ही काहीच पाहिलेलं नव्हतं. मी वाटीकडे न बघता नाग पाहिला तर मला उभं केलंत. तुम्हाला कोण उभं करणार होतं? नर्मदेचा आहे, कॉलेजातून आणलाय, एवढं म्हणाला असतात तरी म्हाताऱ्यांचा हात त्यात तसाच बसला असता. कदाचित त्यांनी हातात घेतलाच नसता, हेही खरं. तिकडचा म्हणून बाजूला सारला असता. मी कालपासून तुमच्या बाजूनं बोलून पाहते आहे, पण प्रत्येक वेळी तो मोडका खडू आडवा येतो.

दहावीनंतर मी वर्ध्याला निघाले तेव्हा तुम्ही जेवायला बोलावलंत. शाळेमागची तुमची ती एक खोली, पडद्याआड स्वयंपाक. गोळ्याची कढी तुम्ही शेजारणीकडून शिकला होतात आणि गोळे कढईत विरघळले होते. “नुसती कढी म्हणून खा,” म्हणालात. दगड दुधाच्या पातेल्यावर होता, मांजर येऊ नये म्हणून झाकणावर ठेवलेला. निघताना तुम्ही तो उचललात, पदरानं पुसलात, माझ्या हातात दिलात. बुडाशी चुन्यासारखा पांढरा डाग होता. “तो खरवडू नकोस,” एवढंच म्हणालात. मला वाटलं, आपला विश्वास म्हणून दिला. आता वाटतं, तुम्हाला तो घरात नको झाला होता. यातलं खरं कुठलं, हे मला कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही.

हेडमास्तरला काल रात्रीच कळवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तू लिहून राह्यली का हे?” हो म्हटलं, रविवारच्या सदरात. “फलक रंगवून झाला वं. पोरं रोज पेटीपाशी उभे राह्यते.” मी म्हटलं, चुकीचा फलक पोरांना कशाला वाचायला देतोस. “बाईचं नाव जाईन ना पण. मेलेलं माणूस काय सांगायले येते का आपली बाजू?” पुढे म्हणाला, “माह्या आजानं तो दगड हातात धरला होता. मरेपर्यंत सांगत होता, कामाचा माणूस होता म्हणून. ते बी खोटं म्हणशीन का?” मी ते वाक्य वहीत टिपलं. तो म्हणाला, “तुह्या लेखापासून तर हे सगळं सुरू झालं. नाईतर गावाच्या बाहेर कोणाले माहीत होतं?”

तो बोलला ते अक्षरशः खरं आहे. वर्तमानपत्रात लागले त्या पहिल्या वर्षी संपादकांनी तरुण बातमीदारांकडून आपापल्या गावावर लेख मागवले होते. मी तुमच्या दगडावर लिहिला. मथळा मीच दिला होता: वेणाकाठचा पहिला माणूस. ती कात्रणं गावात लॅमिनेट करून लावली गेली, यात्रेच्या पुस्तिकेत उतरली, पुढे कोणीतरी मोबाइलवर टाकली. गेल्या वर्षी मला एका अनोळखी नंबरवरून संदेश आला, ‘तुम्हाला माहीत आहे का, वेणेच्या काठी...’ आणि पुढे माझंच वाक्य, स्वल्पविरामासकट. दर रविवारी मी लोकांचे गैरसमज दूर करते आणि जिल्ह्यातला एक चांगला पसरलेला गैरसमज माझ्या सहीचा आहे.

उद्याचा मजकूर लिहून झाला आहे. दगड कुठला, तो आपल्याकडे कसा आला असावा, काय माहीत आहे आणि काय नाही. तुमचं नाव घातलेलं नाही, ‘एक शिक्षिका’ लिहिलं आहे. गावाला कळायचं ते कळेलच. आकडा कोणी झाकला, त्या ठिकाणी वाक्य आहे: ‘तो बहुधा शिक्षिकेनेच झाकला असावा.’ हेडमास्तरनं म्हटलं, प्राध्यापिकांनी टिपलं, मी उतरवलं. ऐकलेलं वाक्य, छान बसतं, कोणी हरकत घेणार नाही.

तुमच्या खोलीत व्हाइटनर कधी नव्हतं, बाई. तुम्ही लाल पेनानं काट मारायचात आणि काट दिसू द्यायचात.

त्या पहिल्या वर्षी, लेख छापायला जायचा त्याच संध्याकाळी, माझ्या हातून टेबलावर चहा सांडला. लेखासाठी ऑफिसात आणलेला दगड ओल्या फडक्यानं पुसताना तुमचा चुना निघाला आणि खालून शाईचा आकडा वर आला. एक अक्षर, एक रेघ, तीन अंक. असा आकडा नदी घालत नाही, हे कळायला प्राध्यापिका लागत नाहीत. पान तासाभरात सुटणार होतं. फोन करायला तुमच्याकडे फोन नव्हता. पुढच्या महिन्यात गावी आले तेव्हाही मी विचारलं नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. त्या संध्याकाळी मी शेजारच्या टेबलावरची बाटली उचलली, ब्रशनं एक ठिपका दिला, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि लेखात वाक्य टाकलं: ‘हा दगड पुरानंतर घाटाखाली निघाला तेव्हा आम्ही मुलं तिथेच होतो.’ आम्ही तिथे नव्हतो. तुमच्या वर्गात उभं राहून शिकलेलं मी नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत विसरले होते, की विसरले नव्हते आणि तरी लिहिलं.

पान सहाला सुटतं. आता पाच वाजायला आले आहेत. ‘बहुधा शिक्षिकेनेच’ हे शब्द अजून पडद्यावर आहेत, कर्सर त्यांच्या शेवटी लुकलुकतो आहे. सोमवारी हेडमास्तर खोली उघडणार आहे, फलकाचं काय करायचं ते लेख वाचून ठरवतो म्हणाला. बुधवारी प्राध्यापिका दगड न्यायला येतील, तो तुमच्या कॉलेजच्या कपाटात परत जाईल. नेण्याआधी वरचा पांढरा थर द्रावणानं पुसून आकड्याचा नीट फोटो काढायचा आहे. मला समोर बसायला सांगितलंय. त्या पुन्हा विचारतील, हा थर कोणाचा.

ही चिठ्ठी कुठे टाकायची नाहीच. पण त्यांना सांगण्याआधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तो माझा आहे.